बोधक कफ आणि लालाग्रंथी : कामरगाव येथील अनुभवाच्या आधारे



त्रिविध परीक्षेचा आरंभ दर्शनाने होतो आणि दर्शनाचा आरंभ बहुधा जिभेने. रुग्णाने तोंड उघडले की जिव्हा साम आहे की निराम एवढे पाहून आपला हात लेखणीकडे वळतो. जिभेखालचा तळ, गालाची आतील बाजू आणि तोंडातील ओलावा यांकडे पाहण्याचे राहूनच जाते. हे आम्ही इतरांस दोष देण्यासाठी लिहीत नाही. वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील कामरगाव येथे व्यवसाय करीत असताना आमच्याच हातून जे राहून गेले, त्यावरून प्रस्तुत लेख लिहिण्याची बुद्धी झाली.

सोयाबीनची सोंगणी नुकतीच आटोपली होती. चाळिशीतील एक शेतकरी आपल्या धाकट्या भावासह आमच्याकडे आला. जबड्याच्या हाडाखाली, उजव्या बाजूस सुपारीएवढी, किंचित कठीण, अल्प वेदनायुक्त गाठ होती. ज्वर नव्हता. "साहेब, जेवाले बसलो का हे फुगते, अन् घंटाभरानं आपोआप बसते जी," असे त्याने पहिल्याच दिवशी सांगितले होते. आम्ही ते कागदावर लिहूनही घेतले. मात्र मनात गंडमाला-अपचीचे निदान आधीच ठरून गेले होते. कांचनार गुग्गुळ आणि वरून लेप अशी योजना केली. गाठ कधी लहान, कधी मोठी, आणि आम्ही ती लहान दिसली की औषधाला यश आले असे समजत राहिलो. असे सहा आठवडे गेले.

सहाव्या आठवड्यात तो आला तेव्हा भर दुपार होती आणि गर्दी बरीच होती. नंबर येईपर्यंत त्याने बाकावर बसूनच डबा सोडला. भाकरीसोबत लिंबाचे लोणचे होते. त्याने दोन घास घेतले आणि आमच्या डोळ्यांदेखत ती गाठ फुगून लिंबाएवढी झाली. तेव्हा कुठे आम्ही हातमोजा चढवून एक बोट त्याच्या जिभेखाली घातले आणि दुसऱ्या हाताने जबड्याखालून वर दाब दिला. जिभेखालच्या तळाशी, मध्यरेषेच्या थोडे बाजूस, तुरीच्या दाण्याएवढा खडा बोटाला स्पष्ट लागला. गंडमाला नव्हतीच, ती अधोहनू ग्रंथीच्या नलिकेतील अश्मरी होती. पुढे शल्यचिकित्सकाने तोंडाच्या आतूनच ती काढली आणि शोथ शमला. त्या रुग्णाने आम्हांस एका शब्दानेही बोल लावला नाही, ही गोष्ट निराळी.

रचना

लालाग्रंथींच्या तीन मोठ्या जोड्या सर्वांना पाठ असतात. तथापि त्यांची रचना आणि त्यांचे रोग यांचा संबंध आपण पदवी परीक्षेनंतर क्वचितच आठवतो. कानाच्या पुढे व खाली असणारी कर्णमूल ग्रंथी सर्वांत मोठी, सुमारे १५ ते ३० ग्रॅम वजनाची. तिचा स्राव पातळ, पाण्यासारखा असतो. तिची नलिका चर्वणाच्या मोठ्या स्नायूवरून पुढे येते, गालाच्या स्नायूस भेदून आत वळते आणि वरच्या दुसऱ्या दाढेसमोर लहानशा उंचवट्यावर उघडते. जबड्याच्या आतील बाजूस असणारी अधोहनू ग्रंथी आकाराने तिच्या साधारण निम्मी. तिचा स्राव मिश्र असतो. तिसरी अधोजिव्हा ग्रंथी अवघी दोन ते चार ग्रॅमची, तिचा स्राव मुख्यतः पिच्छिल. यांखेरीज ओठ, गाल, टाळू व जीभ यांच्या श्लेष्मल कलेत सहाशे ते हजार सूक्ष्म ग्रंथी विखुरलेल्या असतात.

अश्मरीस अधोहनू ग्रंथीच अधिक पात्र का ठरते, याचे उत्तर या रचनेतच आहे. तिची नलिका सुमारे पाच सेंटिमीटर लांब असून तिला ग्रंथीपासून वर चढत जावे लागते. स्राव अधिक घट्ट, कॅल्शियमने समृद्ध आणि तुलनेने क्षारधर्मी असतो. मुख मात्र अगदी अरुंद. मंद प्रवाह, दाट द्रव आणि चढाची वाट एकत्र आली म्हणजे संगाला निराळे निमित्त लागत नाही. एकूण लालाश्मरींपैकी सुमारे ८० टक्के याच ग्रंथीत आढळतात. जेवताना, विशेषतः अम्ल रसाच्या स्पर्शाने स्राव वाढतो, वाट अडलेली असते, म्हणून ग्रंथी फुगते. तास-दीड तासाने स्राव हळूहळू झिरपून जातो आणि ती बसते. रुग्णाने आम्हांस हेच सांगितले होते.

कर्णमूल ग्रंथीविषयी दोन गोष्टी सांगणे अगत्याचे वाटते. पहिली अशी की, मुखाच्या हालचालींचे नियमन करणारी सातवी मस्तिष्कनाडी या ग्रंथीच्या गाभ्यातून शाखा पसरत जाते. तेथील गाठीवर शस्त्र वा क्षार यांचा प्रयोग अंदाजाने केल्यास चेहरा कायमचा वाकडा होण्याचे भय असते. कानाच्या मागे-खाली विधुर मर्म सांगून सुश्रुताचार्यांनी त्या परिसराबाबत सावध केलेच आहे. दुसरी गोष्ट चरकसंहितेतील ज्वरचिकित्सेची. सन्निपात ज्वराच्या अखेरीस कर्णमूळी येणारा दारुण शोथ आणि त्यातून क्वचितच कोणी वाचतो हे निरीक्षण विद्यार्थिदशेत आम्हांस गूढ वाटे. आज त्याचा उलगडा होतो. दीर्घ ज्वरात शरीरातील उदक आटते, लालेचा प्रवाह थांबतो आणि मुखातील जंतू नलिकेतून उलट वर चढून ग्रंथीत पूय करतात. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड १८८१ मध्ये गोळी लागून अंथरुणास खिळले असता त्यांच्याही कर्णमूळी असाच पाक झाला होता. बालकांतील गालफुगी हा निराळा, विषाणुजन्य व बहुधा साध्य विकार. तिच्याशी याची गल्लत करू नये. क्षीण, निर्जलित वृद्धाच्या कानाखाली एका बाजूस लाल, उष्ण शोथ दिसला, तर तो रुग्ण लेप लावून घरी पाठविण्याचा नव्हे.

कार्य

प्राकृत मनुष्यात दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाला स्रवते. तिच्यात ९९ टक्क्यांहून अधिक जलच असते. विश्रांतीच्या वेळी तिचा बराच मोठा भाग अधोहनू ग्रंथी पुरविते आणि भोजनसमयी कर्णमूल ग्रंथी पुढे येते. निद्रेत स्राव जवळजवळ थांबतो. म्हणूनच रात्री दात न घासता झोपणाऱ्याच्या दातांना कीड लवकर लागते.

वाग्भटाचार्यांनी रसनेच्या ठायी राहून रसांचे बोधन करणाऱ्या कफास बोधक म्हटले, तर शार्ङ्गधराने त्यालाच रसन हे नाव दिले. कोरड्या जिभेवर साखरेचा कण ठेवला तर तो विरघळेपर्यंत गोडी कळत नाही, हे प्रत्येकाच्या अनुभवाचे आहे. परंतु बोधनाचे कार्य विरघळविण्यापुरतेच नाही. ग्रंथीच्या कोशांतून निघणारा मूळ स्राव रक्तद्रवाइतकाच खारट असतो. नलिकेतून जाताना तेथील पेशी त्यातील सोडियम व क्लोराइड परत शोषून घेतात, त्यामुळे तोंडात येणारी लाला रक्ताहून पुष्कळच अळणी असते. असे नसते तर वरणातले मीठ कमी पडल्याचे जिभेला कळलेच नसते. कारण ती सदैव खाऱ्या पाण्यात बुडालेली राहिली असती. जिभेच्या मुळाशी मोठ्या अंकुरांभोवती जे खळगे आहेत, त्यांच्या तळाशी उघडणाऱ्या सूक्ष्म ग्रंथी आधीच्या घासाची चव धुऊन काढतात आणि पुढच्या घासासाठी जागा मोकळी करतात. सुश्रुताचार्यांनी कफाचे हे स्थान जिव्हामूल व कंठ असे सांगितले, त्याचे स्मरण येथे होते.

लालेतील अमायलेझ हे द्रव्य पिष्टाचे विघटन करून माल्टोज ही शर्करा निर्माण करते. ज्वारीची भाकरी सावकाश चावली म्हणजे ती गोड लागू लागते, ती यामुळे. (आमच्या भागात सोयाबीनने ज्वारीची जागा घेतल्यापासून हा प्रयोगही दुर्मीळ होत चालला आहे.) घास आमाशयात गेल्यावरही त्याच्या आतील भागात हे कार्य काही काळ चालू राहते. मधुर अवस्थापाकात फेसाळ कफाची उत्पत्ती सांगणाऱ्या ग्रहणी अध्यायाशी याचे साम्य लक्षणीय आहे. तथापि बोधक कफ म्हणजेच लाला, असे सरळ समीकरण मांडणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. लाला हे द्रव्य आहे. बोधक ही एका स्थानी राहून एक कर्म करणाऱ्या कफाची संज्ञा आहे. लाला भरपूर असूनही अरुचि असणारे रुग्ण आपण रोज पाहतो.

लालेतील बायकार्बोनेट अम्लाचे शमन करते, कॅल्शियम व फॉस्फेट दातांच्या कवचाची झीज भरून काढतात, लायसोझाइम व प्रतिपिंडे जंतूंना आवर घालतात, आणि पिच्छिल म्यूसिन श्लेष्मल कलेवर स्निग्ध आवरण धरते. लाला आटली की अन्न घशात अडते, दात ग्रीवेशी किडू लागतात, तोंडात पांढरी बुरशी धरते आणि कवळी बसत नाही.

हा स्राव नाडीतंत्राच्या अधीन आहे. एक यंत्रणा विपुल, पातळ लाला देते; भयाच्या प्रसंगी दुसरी प्रबळ होते आणि तोंडाला कोरड पडते. चोरीच्या संशयितास कोरडे तांदूळ चावावयास लावण्याचे जे तंदुल-दिव्य स्मृतिकारांनी सांगितले आहे, त्याचे मर्म बहुधा येथे असावे. अर्थात निरपराध पण भित्रा मनुष्यही त्यात सापडत असेलच.

मुखशोष

तोंडाला कोरड ही तक्रार वृद्धांत फार आढळते. चरकाचार्यांनी उदकवह स्रोतसांचे मूळ तालू व क्लोम सांगून जिव्हा, तालू, ओष्ठ व कंठ यांचा शोष हे त्यांच्या दुष्टीचे लक्षण मानले आहे. परंतु निदान करण्यापूर्वी मोजमाप करावे, असे आम्ही सुचवितो. त्यासाठी मोठे यंत्र लागत नाही. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर मिलिलिटरच्या खुणा असलेले जे टोपण येते, ते पुरे. सकाळी, किमान तासभर काही न खाता-पिता, रुग्णास शांत बसवावे आणि पंधरा मिनिटे तोंडात जमणारी लाला काहीही न चघळता त्यात थुंकावयास सांगावे. प्राकृत मनुष्यात साडेचार ते सहा मिलिलिटर जमते. दीड मिलिलिटरहून कमी असेल, तर ग्रंथींचे कार्य निश्चित मंदावले आहे.

त्यानंतर कारण शोधावे. मधुमेह तर पाहावाच. मध्यम वयाच्या स्त्रीस तोंडासोबत डोळ्यांतही वाळू गेल्यासारखे वाटत असेल आणि सांधे दुखत असतील, तर प्रतिकारशक्तीच्या बिघाडामुळे ग्रंथी नष्ट करणाऱ्या विकाराची शंका घेऊन तपासणीस पाठवावे. कर्करोगासाठी मुखकंठावर किरणोपचार झालेल्या रुग्णांत कोरडेपणा पुष्कळदा कायमचा असतो. तेथे अल्प यशाचीच अपेक्षा ठेवावी.

औषधी दुकानदार बंधूंनी येथे विशेष लक्ष द्यावे. सर्दीच्या गोळ्या, काही निद्राजनक व मनोविकारावरील औषधे, मूत्रल औषधे यांनी मुखशोष होतो हे आपण जाणताच. परंतु आपल्या स्वतःच्या फडताळातही अशी औषधे आहेत. कनकासवातील धत्तूर लालास्राव रोखतो. सर्पगंधा घनवटीच्या प्रचलित पाठात खुरासानी ओवा व भांग असतात. तीही तोंड कोरडे करतात. एखादा वृद्ध श्वासरोगी कनकासव घेतो आहे, झोपेसाठी सर्पगंधा घनवटी घेतो आहे आणि नाक गळते म्हणून काउंटरवरून सर्दीची गोळीही नेतो आहे, असा योग दुर्मीळ नाही. नंतर तोच मनुष्य कोरडेपणाची तक्रार घेऊन येतो आणि त्यास आणखी एक बाटली दिली जाते. आधीच्या तीन औषधांचा विचार प्रथम व्हावा.

चिकित्सेत आम्हांस सर्वांत उपयुक्त वाटला तो स्निग्ध गंडूष, कोमट तीळतेलाचा. मुख कफाने भरेपर्यंत, नाक व डोळे यांतून स्राव होऊ लागेपर्यंत तो धरावा असे शास्त्र सांगते. म्हणजे स्रावाचा उदय हीच त्याची कालमर्यादा होय. यष्टिमधूचा तुकडा चघळावयास द्यावा. ग्रंथीत काही जीव शिल्लक असेल तर अक्कलकाऱ्याच्या मुळाचा लहानसा तुकडा लाला उत्तम आणतो. मात्र खरेदी करताना अक्कलकारा आणि ओलसर जागी उगवणारा पिवळ्या बोंडांचा अक्कलकाढा या दोन वनस्पतींची सरमिसळ होते, ती ओळखून घ्यावी. दोन्ही जिभेला झिणझिण्या आणतात, पण द्रव्ये निराळी आहेत. मुखरोग म्हटला की खदिरादि वटी आणि त्रिफळा क्वाथाचे कवल ही जी सवय आपल्याला जडली आहे, ती मुखशोषात आवरावी. कषाय रस कोरड्या तोंडाला आणखी कोरडे करतो.

खर्रा

कषाय रसावरून त्या शेतकऱ्याच्या धाकट्या भावाची आठवण होते. सहा आठवडे तो भावासोबत येत होता, दाराशी उभा राहत होता आणि मधूनमधून बाहेर जाऊन थुंकून येत होता. खडा सापडला त्या दिवशी आमचा हातमोजा चढलेलाच होता, म्हणून आम्ही त्यालाही बसविले. वय सव्वीस. त्याला स्वतःची तीन बोटे उभी करून दातांच्या मधोमध घालण्यास सांगितले. दोनच गेली. गालाची आतील बाजू संगमरवरासारखी पांढुरकी, बोटाला दोरीसारखे कठीण पट्टे लागणारी. "तिखट सहन होत नाही जी तोंडाले. वहिनी माह्यासाठी अलग भाजी काढते," असे तो हसत हसत म्हणाला.

आमच्या विदर्भात खर्रा म्हणजे काय हे सांगणे नलगे. सुपारीची भुकटी, तंबाखू आणि चुना एकत्र घेऊन पानठेल्यावर पन्नीत घोटलेला तो पदार्थ शेतात, बांधकामावर, एसटीत आणि खेदाने सांगावेसे वाटते की काही दवाखान्यांच्या प्रतीक्षालयातही चघळला जातो. महाराष्ट्रात गुटखा व पानमसाला यांवर २०१२ मध्ये बंदी आली. खर्रा घोटणारे हात मात्र थांबले नाहीत. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यातील सुमारे चार प्रौढांपैकी एक धूरविरहित तंबाखू सेवन करतो.

सुपारीतील अरेकोलीन हे द्रव्य लालाग्रंथींच्या नाडीतंत्राला चेतविते, म्हणून प्रथम तोंडाला पाणी सुटते. चुन्यामुळे हे द्रव्य मुक्त होऊन श्लेष्मल कलेतून लवकर शोषले जाते. तेच द्रव्य कलेखालील तंतुजनक पेशींना उत्तेजित करते, सुपारीतील टॅनिन त्या तंतूंना कमावलेल्या कातड्यासारखे दृढ करते आणि तिच्यातील तांबे तंतूंचे परस्परबंधन वाढविते. हळूहळू गाल आखडतो, सूक्ष्म ग्रंथी दबून सुकतात, मुख उघडेनासे होते. कषाय रसाच्या लक्षणांत जिभेचे स्तंभ व जाड्य आणि कंठ जणू बांधला जाणे हे चरकाचार्यांनी सांगितले आहे. त्याचे इतके भीषण प्रत्यंतर अन्यत्र क्वचितच दिसेल. १९५२ साली श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेतील भारतीय स्त्रियांत हा विकार वर्णिला आणि पुढच्याच वर्षी मुंबईच्या जोशी यांनी त्यास आज रूढ असलेल्या नावाच्या जवळचे नाव दिले. हा केवळ आखडण्याचा रोग नव्हे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन विभागाने केरळातील एर्नाकुलम जिल्ह्यात ६६ रुग्णांचा १७ वर्षे मागोवा घेतला, तेव्हा त्यांपैकी ५ जणांस मुखाचा कर्करोग झाल्याचे आढळले. हा अहवाल १९८५ चा आहे.

सुपारी आमच्या ग्रंथांनीच सांगितली आहे, असा युक्तिवाद काही रुग्ण आणि क्वचित वैद्यही करतात. चरकसंहितेत मुखवैशद्यासाठी तोंडात धरावयाच्या द्रव्यांत तिचा समावेश आहे, हे खरे. परंतु ती जायफळ, लवंग, कंकोळ, वेलची, कापूर यांच्या संगतीत आणि सुगंधापुरती. सुश्रुताचार्यांनी तर तांबूल कोणास अहितकर ते स्पष्ट सांगितले आहे. त्या यादीत रूक्ष, दुर्बल, तृष्णापीडित यांच्याबरोबर ज्याचे मुख सुकते तोही आहे. तंबाखू तर बृहत्त्रयीत नाहीच. दिवसाला दहा-दहा पुड्या चघळणाऱ्याने चरकाचा आधार शोधू नये. याच संदर्भात औषधी दुकानदारांस स्मरण देतो की दंतमंजनात तंबाखू वापरण्यास १९९२ पासून कायद्याने मनाई आहे. तरीही गुल, मशेरी यांची मागणी घेऊन स्त्रिया दुकानात येतात. त्यांना साधे मंजन देताना दोन शब्द सांगितले तर त्याचा उपयोग होतो, असा आमचा अनुभव आहे.

चिकित्सेबाबत आम्ही प्रांजळपणे सांगतो. खर्रा बंद झाल्यास दाह कमी होतो, तिखट थोडे सोसू लागते. तीळतेलाचा गंडूष, यष्टिमधुसिद्ध तूप गालाच्या आत हलक्या बोटाने चोळणे आणि मुख उघडण्याचा रोजचा व्यायाम यांनी काहींत लाभ दिसला. तयार झालेले तंतू विरघळविणारे औषध आमच्या हाती लागलेले नाही; तसा दावा करणाऱ्या जाहिराती आपल्या दुकानात लावू नयेत अशी विनंती आहे. पंधरा दिवसांत न भरणारा व्रण, पांढरा वा लाल चट्टा, मुखात वाढणारी गाठ यांपैकी काहीही दिसले तर विलंब न करता ऊतीपरीक्षणासाठी पाठवावे.

त्या धाकट्या भावासही आम्ही पाठविले. कर्करोग नसल्याचा अहवाल आला आणि दर तीन महिन्यांनी तपासणीस येण्याचे ठरले. तो येतो. खर्रा दहावरून दोनावर आल्याचे सांगतो. खिशातील पन्नीवरून आम्ही त्यावर पूर्ण विश्वास ठेवत नाही. थोरल्या भावाची गाठ पुन्हा आली नाही. धाकट्यास वहिनी अजूनही भाजी निराळीच काढून ठेवते, मात्र तीत आता थोडे तिखट असते. गेल्या खेपेस त्याने बोटे घालून दाखविली तेव्हा दोन सहज गेली. तिसरे दाताला टेकले, आत गेले नाही.